‘मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे’

पत्र असं आहे :

‘डॉक्टर, माझं वय ४७. काम बसून करायचं, ब्लडप्रेशरची रोज एक गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या मुलांबरोबर एक दिवसाचा ट्रेक केला. जाऊन-येऊन १४ किलोमीटर, चढ ९०० मीटर. गुडघे कुरकुरतात म्हणून निघतानाच दुखण्याची गोळी घेतली. दिवस ढगाळ होता, घाम फार नव्हता, तरी सांगितल्याप्रमाणे पाणी पीत राहिलो. आठ तासांत सहा लिटर तरी झालं असेल. दुपारनंतर डोकं जड झालं, मळमळायला लागलं, पोट डबडबल्यासारखं वाटत होतं आणि बोटं सुजून अंगठी फिरेना. लघवीला दिवसभरात एकदाच गेलो होतो. लीडर म्हणाला, पाणी कमी पडतंय, अजून प्या. प्यायलो. उतरताना पाय इतके लटपटले की दोनदा खाली बसलो. “बुटाची नाडी बांधतोय, तुम्ही व्हा पुढे” असं सांगून वेळ मारून नेली. बाकी सगळे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यांच्यासमोर काय बोलणार? त्या रात्री घरी चार वेळा लघवीला उठलो आणि सकाळी एकदम बरं वाटलं. आता १६ वर्षांची मुलगी मागे लागली आहे, बाबा, आपण दोघं उंचावरचा चार दिवसांचा ट्रेक करू. मुक्काम अनुक्रमे २७००, ३४०० आणि ४००० मीटरवर. जाऊ का? आणि कमी पडलो तर? – मागे राहणारा’

प्रिय मागे राहणारे,

जा. पण या तारखांना नको आणि या आखणीने तर नकोच. का ते सांगतो, पण आधी गेल्या महिन्याचा हिशोब पुरा करू. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटाकडे सहज लिहून टाकली आहे : रात्री चार वेळा लघवीला उठलो आणि सकाळी बरं वाटलं.

ज्याच्या अंगात पाणी कमी पडलंय, तो माणूस असा बरा होत नाही. त्याला तहान लागते, तोंड कोरडं पडतं, उभं राहिल्यावर चक्कर येते, लघवी गडद पिवळी होते. पोट डबडबणं, बोटं सुजणं, मळमळ आणि जड डोकं, मग रात्रभर लघवी आणि सकाळी सगळं ठीक, हे चित्र उलट्या बाजूचं आहे. तुम्हाला पाणी कमी पडलं नव्हतं, बहुधा जास्त झालं होतं. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्या दिवशीचं रक्तही कोणी तपासलं नाही, म्हणून ‘बहुधा’. नुसती बोटं सुजली असती तर मी लक्षही दिलं नसतं. हात तासन्‌तास लोंबकळत राहिले, खांद्यावर सॅकचे पट्टे आवळलेले असले की तेवढी सूज पुष्कळांना येते. पण सगळी लक्षणं एकत्र ठेवली की मला रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला घटक, कमी झाल्याचा संशय येतो.

त्याचं असं होतं. बराच वेळ श्रम चालले की मेंदू एक संप्रेरक सोडतो आणि मूत्रपिंडांना सांगतो, पाणी धरून ठेवा. म्हणूनच तुम्ही लिटरमागून लिटर पीत होतात आणि लघवी एकदाच झाली. लीडरला त्यात पाण्याची कमतरता दिसली, तुम्हालाही तेच वाटलं. प्रत्यक्षात पाणी आत साठत होतं आणि रक्तातलं मीठ पातळ होत होतं. रात्री शरीर विसावलं, संप्रेरक उतरलं, साठलेलं पाणी बाहेर पडलं. त्यात तुमच्याकडून दोन गोष्टींची भर पडली. एक, सकाळची ती दुखण्याची गोळी. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकणं आणखी अवघड करू शकतात. दुसरी, तुमची ब्लडप्रेशरची गोळी. या गोळ्या अनेक प्रकारच्या असतात, त्यातल्या काही लघवीवाटे सोडियम घालवतात. तुमची त्यातली आहे का, हे पाकीट दाखवून तुमच्या डॉक्टरांना विचारा. मात्र ट्रेकला जायचंय म्हणून ती मनाने बंद करू नका.

हे खूळ माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं होतं. त्यांतल्या १३ टक्के लोकांमध्ये सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलेलं निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं, त्यांच्यात हे जास्त होतं. धावताना वजन वाढलं याचा अर्थ एकच, गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलं.

म्हणून तहान लागेल तसं प्या. एवढंच. ढगाळ दिवशी बेताच्या चालीला अनेकांना तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पुरतं, कडक उन्हात जास्त लागतं. पण तहान नसताना, घड्याळ लावून, कुणी दटावतंय म्हणून पिऊ नका. पाण्यासोबत खारट काहीतरी खात राहा. ओआरएस सोबत ठेवा, पण त्यानेही निर्धास्त होऊ नका. ओआरएसच्या लिटरमध्ये ७५ मिलिमोल सोडियम असतं आणि रक्तात साधारण १४०. म्हणजे तहानेपलीकडे ओआरएस ढोसलं तरी रक्त पातळच होणार. आणि पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच पूर्ण पाकीट घाला. अंदाजाने चिमूटभर बाटलीत टाकणाऱ्यांवर माझा फार राग आहे, पण तो विषय इथे नको.

पुन्हा असं झालं, म्हणजे तहान नाही, पोट डबडबलंय, मळमळतंय, डोकं दुखतंय, तर पाणी थांबवा, बसा, खारट खा आणि लघवी होईपर्यंत एक घोटही घेऊ नका. उलट्या सुरू झाल्या, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा आकडी आली तर तो थेट रुग्णालयाचा विषय आहे. तिथे पोहोचल्यावर ‘हा दिवसभर खूप पाणी प्यायलाय, सोडियम बघा’ हे वाक्य सोबतच्या माणसाने स्वतःहून सांगायचं. नाहीतर तिथेही थकलेला ट्रेकर बघून आधी सलाईन लावायची घाई होऊ शकते.

आता तुमचे लटपटणारे पाय. याचा पाण्याशी थोडा संबंध असेल, पण मोठा दोष उताराचा आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो, ब्रेकसारखा. त्यात स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना ‘आई गं’ निघतं ते त्यामुळेच. लोक तयारीला जिने चढतात आणि खाली यायला लिफ्ट धरतात. तुम्ही उलटं करा, लिफ्टने वर जा आणि पायऱ्या उतरा. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला थोडे मजले, मग वाढवत. एकदा हा मार बसून स्नायू सावरला की पुढचे काही आठवडे तो तसल्याच कामाला पुष्कळ तयार राहतो. दोन काठ्या घ्या, एक नको. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी लांबी ठेवा आणि उतरताना थोडी वाढवा. चालताना घसरून पडण्याचे बरेचसे अपघात उतरतीवरच होतात. दमलेल्या मांड्या, ढळलेलं लक्ष आणि ‘आता काय, पोहोचलोच’ ही भावना तिथेच एकत्र येतात.

तुमच्या लीडरने वेळ किती धरला होता? पत्रात लिहिलं नाही, पण आठ तास लागले म्हणता, म्हणजे ठरल्यापेक्षा उशीर झाला असणार. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब सांगितला, तो अजून चालतो. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमचे १४ किलोमीटर म्हणजे पावणेतीन तासांहून थोडं जास्त आणि ९०० मीटरचा दीड तास, मिळून सव्वाचार तासांहून थोडं जास्त. हे तब्येतीने चोख माणसाचं, न थांबता चालल्याचं गणित. मिश्र गटाने त्यात निम्मी भर घालायची, म्हणजे साडेसहा तास. मग परत फिरायची वेळ घरीच ठरवायची. त्या वेळी टोक शंभर मीटरवर असलं तरी फिरायचं.

लिहायला सोपं आहे हे, मला ठाऊक आहे. मी स्वतः एकदा उंचावर दीड दिवस डोकेदुखी लपवली होती. गटात मीच डॉक्टर. लोकांना गोळ्या वाटणारा माणूस आपलं डोकं दुखतंय म्हणून कसा सांगेल! दुसऱ्या संध्याकाळी वाट दाखवणाऱ्या माणसाला माझी चाल खटकली. त्याने जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि म्हणाला, टाचेला अंगठा लावत हिच्यावरून चाला. तिसऱ्या पावलाला मी बाजूला कलंडलो. तेव्हाही मी त्याच्याशी वाद घातला, रेघ वाकडी आहे म्हणून. अंधार पडत असताना दोघांनी धरून मला सहाशे मीटर खाली आणलं. रात्री मी जेवायला मागत होतो. रेघ सरळच होती.

ही चाचणी तुम्ही पाठ करा, कारण तुमचा पुढचा बेत तिथलाच आहे. ४००० मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. शरीर त्याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. तब्येत दणकट असली म्हणून त्यातून सूट मिळत नाही. उलट दणकट माणूस भरभर वर जातो आणि आधी आजारी पडतो. हे तुमच्यापेक्षा तुमच्या मुलीला जास्त लागू आहे. सोळा वर्षांची मुलगी पुढे पळणार, आणि बाबा मागे राहतोय म्हणून तो कमजोर असं दोघांनाही वाटणार. विरळ हवेत हळू चालणारा बऱ्याचदा शहाणा ठरतो. तेव्हा या ट्रेकला मागे राहणं ही तुमची जागा समजा आणि तिलाही तिथेच ठेवा.

खटका आहे तो आखणीत. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर हजार मीटरला एक रात्र जास्तीची काढावी, असा संकेत आहे. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायची ती झोपायची उंची. तुमच्या आखणीत २७०० वरून ३४०० आणि लगेच ४०००, म्हणजे दोन दिवसांत १३०० मीटर. मुक्कामाच्या जागा तर हलवता येत नाहीत. म्हणून २७०० वर दोन रात्री, ३४०० वर दोन रात्री आणि मग ४०००. चाराचे सहा दिवस होतील. आयोजक ‘सगळे चार दिवसांतच करतात’ म्हणाला, तर दुसरा आयोजक बघा.

वर डोकं दुखलं की ते उंचीमुळेच, असं धरून चालायचं. कमी झोप, ऊन, भूक ही कारणं नंतर. डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा किंवा गरगर असेल तर त्या दिवशी आहात तिथेच थांबायचं. वर जायचं नाही. थांबून वाढत गेलं तर खाली. तोल गेला, वागणं बदललं, बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, तर सकाळची वाट न पाहता खाली, आणि एकट्याला पाठवायचं नाही. उंचीचा त्रास टाळायला असेटाझोलामाइड नावाची गोळी आहे. ती तुमच्यासाठी आणि मुलीसाठी योग्य आहे का, हे डॉक्टर ठरवतील. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

आणि इथेच तुमच्या गेल्या महिन्याचा सहा लिटरचा किस्सा पुन्हा भेटतो. उंचावर तुम्हाला हमखास सांगतील, पाणी प्या म्हणजे उंची लागत नाही. पाण्याने उंचीचा त्रास टळत नाही. तिथली हवा कोरडी, धाप जास्त, त्यामुळे तहान वाढते हे खरं, ती भागवा. पण जबरदस्तीने पाच लिटर प्यायलात तर पुन्हा तेच होणार, डोकेदुखी आणि मळमळ. मग ती पाण्याने आलीय की उंचीने, हे तंबूत बसून मलाही सांगता येणार नाही. पिण्याचं पाणी वर झऱ्याचंच असेल, तर उकळून घ्या. २००० मीटरच्या वर खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटं. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, तरी जंतू मरायला तेवढं पुरतं.

थंडीचं थोडक्यात. माणूस गारठतो तो बर्फापेक्षा ओल्या कपड्यांनी आणि वाऱ्याने, तापमान शून्याच्या बरंच वर असतानाही. घामाने भिजलेला सुती शर्ट मुक्कामी पोहोचताच पाच मिनिटांत बदला, चहा नंतर. हुडहुडी भरलेल्या माणसाची जीभ अडखळायला लागली, हातून वस्तू पडू लागल्या, तो उगाच चिडू लागला, तर त्याला आडोसा, कोरडे कपडे, गोड पेय द्या आणि एकटं सोडू नका.

विजा चमकू लागल्या तर उंच कडा आणि एकाकी झाड सोडून उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. तो पाय हलू द्यायचा नाही, माणसाला उचलून न्यायचं. शिट्टी गळ्यात, सॅकच्या तळाशी नाही. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा.

निघण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या. सत्तेचाळीस वर्षं, बैठं काम, ब्लडप्रेशर, आणि अचानक एके दिवशी आठ तासांची चढउतर, हे मला आवडलेलं नाही. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर तिथे ‘नाडी बांधतोय’ चालणार नाही. तपासणी झाली की तीन महिने घ्या. आठवड्यातून चार दिवस चाल, दोनदा ते जिने उतरणं, महिन्यातून एकदा सॅक भरून लांबचा पल्ला. म्हणूनच म्हटलं, या तारखांना नको.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘कमी पडलो तर’ यामागे तुम्हाला भीती चालण्याची नाही, बोलण्याची आहे. गटात न बोलणारी माणसं तुम्ही एकटे नाही. बुटात खडा टोचतोय तरी थांबत नाहीत, टाचेला चटका बसायला लागलेला जाणवतो तरी थांबत नाहीत. तेव्हाच बूट काढून पट्टी लावली तर दोन मिनिटांचं काम असतं. तासाभराने तिथे फोड, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा गट त्यांच्या वेगाने चालतो. लाज वाटते ती दोन मिनिटांची.

यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसलाय : कुणालाच स्वतःहून बोलावं लागणार नाही अशी सोय करून ठेवायची. दर तासाच्या थांब्यावर तुम्ही मुलीला आणि तिने तुम्हाला तेच चार प्रश्न विचारायचे. डोकं? पोट? पाय? शेवटची लघवी कधी? उत्तरात ‘ठीक’ हा शब्द चालणार नाही असं आधीच ठरवा, त्रास दहापैकी किती, तो आकडा सांगायचा. रोज संध्याकाळी जेवणाआधी दोघांनी रेघेवरून चालायचं, बरं वाटत असलं तरीही. पहिले दोन दिवस ती हसेल. हसू द्या. आणि सुरुवात तुम्ही करा, पहिल्याच थांब्यावर : गुडघा दहापैकी चार. बापाने आकडा सांगितला की तीही खरा सांगेल.

आयोजकाकडून सहा दिवसांची आखणी आली की मला पाठवा. ३४०० वरच्या जादाच्या दिवशी तुम्हाला कुठवर फिरवून आणणार आहेत, ते मला बघायचंय. आणि ब्लडप्रेशरच्या गोळीचं नाव कळवा.